घरातून व्यवसाय: आधी जागा तपासा, मग परवाने काढा

ब्लाउज शिवणाऱ्या, केक करणाऱ्या, डबे देणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासमोर एकसारखीच फाइल उघडतात. त्यात गुमास्ता असतो, उद्यम नोंदणी असते, एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक असतो, कधी जीएसटीचे प्रमाणपत्रही असते. आणि प्रश्नही ठरलेला: "सगळे परवाने आहेत, मग सोसायटीने नोटीस कशी काढली?"

कारण या चारपैकी एकही कागद 'या घरात हा व्यवसाय करता येईल' असे म्हणत नाही. गुमास्ता म्हणजे आस्थापना सुरू झाल्याची कामगार विभागाला दिलेली सूचना. उद्यम नोंदणीमुळे तुम्ही सूक्ष्म उद्योजक म्हणून नोंदले जाता. एफएसएसएआय अन्नाची सुरक्षितता पाहते, जीएसटी कर पाहते. घराचा वापर कशासाठी करायचा हे ठरवणारे कायदे वेगळे, कार्यालये वेगळी आणि कागदही वेगळे.

मी स्वतः हेच उलटे केले होते. मसाल्यांसाठी नोंदण्या काढल्या, पाकिटे छापली, त्यावर फ्लॅटचा पत्ता टाकला आणि सर्वांत शेवटी स्वतःचे खरेदीखत वाचले. छापलेली पाकिटे माळ्यावर गेली आणि चार महिने काम बंद राहिले. म्हणून खालचा क्रम मोडू नका. हा लेख महाराष्ट्रातल्या शहरी घरांसाठी, मुख्यतः सोसायटीतल्या फ्लॅटसाठी आहे. गावठाणातल्या घराबद्दल मध्ये थोडे सांगितले आहे.

## तयारी: घरातले कागद एका जागी आणा

अर्ज करण्याआधी हे कागद काढून ठेवा: खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा (भाड्याचे घर असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार), इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, तुमच्या मजल्याचा मंजूर नकाशा, सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी (बायलॉज), मालमत्ता कराची शेवटची पावती आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिले.

बहुतेक घरांत मंजूर नकाशा आणि उपविधी नसतात. उपविधींची प्रत सभासद म्हणून सोसायटीकडे लेखी मागता येते. मंजूर नकाशा सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून घ्यावा लागतो. तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. या तीस दिवसांत पुढचे दोन टप्पे होतात, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

तपासा: वीजबिलावर 'निवासी' लिहिले आहे का, आणि करपावतीवर वापराचा प्रकार कोणता आहे? दोन्हींत फरक दिसला तर तो आधी नोंदवून ठेवा. पुढे नोटीस आली तर पहिला प्रश्न यावरच येतो.

## टप्पा १: व्यवसाय एका पानावर लिहून काढा

'घरगुती केक' म्हटल्याने कोणत्याही अधिकाऱ्याला काही कळत नाही. कायदा व्यवसायाचे नाव पाहत नाही, तो कसा चालतो ते पाहतो. म्हणून एका पानावर या गोष्टी लिहा: काम कोण करणार, ते सर्व याच घरात राहतात का, वस्तू इथे तयार होणार की बाहेरून आणून विकणार, गिऱ्हाईक घरी येणार का आणि दिवसाला किती, कोणती यंत्रे लागणार आणि प्रत्येकाचा वॅटमधला भार किती, कच्चा माल किती साठणार, वास, धूर, आवाज, सांडपाणी यांतले काय बाहेर जाणार.

भार अंदाजाने लिहू नका. यंत्राच्या मागच्या पट्टीवर तो छापलेला असतो. मोटारींवर कधी वॅटऐवजी एचपी लिहिलेले असते. एक एचपी म्हणजे साधारण ०.७५ किलोवॅट. हा आकडा चौथ्या टप्प्यात महत्त्वाचा आहे.

इथे सगळ्यात जास्त लपवली जाते ती मदतनीस. "मावशी घरकामालाच येतात, जाता जाता पोळ्या लाटतात" असे सांगितले जाते. पानावर खरे लिहा. हे पान तुम्ही स्वतःसाठी लिहीत आहात, आणि यातली एक लपवलेली ओळ पुढचे सगळे निष्कर्ष चुकवते.

## टप्पा २: तुमच्या पत्त्याला कोणती नियमावली लागू होते ते ठरवा

मुंबई महापालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रांना २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रिकृत नियमावली लागू आहे. कार्यालयात तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. एमआयडीसीचे क्षेत्र, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपालिका, लोणावळा आणि अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळली आहेत.

लोक इथे हमखास चुकतात. पुण्यात राहणारी बाई मुंबईच्या नियमावलीचा उतारा अर्जाला जोडते, आणि तोही १९९१ च्या जुन्या नियमावलीचा. अर्ज तिथेच परत येतो. नियमावलीत पुढेही दुरुस्त्या होत राहतात, म्हणून नगरविकास किंवा नगररचना विभागाच्या संकेतस्थळावरची अद्ययावत प्रत घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको.

## टप्पा ३: झोन आणि मंजूर वापर, दोन्ही पाहा

झोन म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या भूखंडाला दिलेला वापर: रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती वगैरे. त्यासाठी 'झोन दाखला' मागायचा. मुंबईत त्याला 'डीपी रिमार्क' म्हणतात. अर्जात सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लागतो, इमारतीच्या नावावर दाखला मिळत नाही. हा क्रमांक इंडेक्स टूवर सापडेल.

रहिवासी झोन असेल तर समोरच्या रस्त्याची रुंदीही विचारा. कमी रुंदीच्या रस्त्यावर परवानगी असलेले वापर मोजके असतात. रुंद रस्त्यावरच्या रहिवासी भूखंडांना दुकाने, कार्यालये अशा आणखी वापरांची मुभा असते. ही रुंदी आराखड्यातली धरतात. तुम्ही टेपने मोजलेली चालत नाही.

आता दुसरी बाजू. झोनमध्ये दुकानाला मुभा आहे म्हणून तुमचा बेडरूम दुकान होत नाही. मंजूर नकाशात त्या खोलीपुढे जे लिहिले आहे तो तुमचा मंजूर वापर. स्टिल्ट पार्किंगमध्ये शिवणयंत्रे मांडणे किंवा टेरेसवर शेड टाकून पापड वाळवणे हा व्यवसायाचा प्रश्न राहतच नाही. ते अनधिकृत बांधकाम किंवा सामाईक जागेवरचे अतिक्रमण ठरते आणि त्याला घरगुती व्यवसायाची कोणतीही सवलत मिळत नाही.

गावठाणातल्या घरासाठीही झोन पाहा, आणि घर एनए (अकृषिक) भूखंडावर असेल तर झोनसोबत अकृषिक आदेशही वाचा. त्यात 'निवासी प्रयोजनासाठी' असे लिहिलेले असते आणि खाली अटी असतात. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र त्या अटींच्या वर जात नाही.

## टप्पा ४: 'घरगुती व्यवसाय' या व्याख्येत तुम्ही बसता का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रहिवासी झोनमध्ये वेगळी परवानगी न घेता जे काम चालते, त्याला नियमावलीत 'होम ऑक्युपेशन' किंवा 'कस्टमरी होम ऑक्युपेशन' असा शब्द आहे. त्याची व्याख्या लांबलचक आहे. एकेक अट सुटी करून आपल्या पानाशी ताडून पाहा.

पहिली अट: काम त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीने करायचे, पगारी माणूस ठेवायचा नाही. सून, मुलगा, सासूबाई चालतील. शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी रोजंदारीवर बसवली की तुम्ही व्याख्येबाहेर गेलात. 'एक-दोन माणसे चालतात' हे सर्रास सांगितले जाते, पण व्याख्येत तशी सूट नाही.

दुसरी: जे त्या घरात तयार होते तेच विकायचे किंवा विक्रीला मांडायचे. या अटीने अनेकांना धक्का बसतो. घरी शिवलेला ब्लाउज विकणे व्याख्येत बसते, पण सुरतेहून आणलेल्या साड्या हॉलमध्ये मांडून विकणे बसत नाही. घरी दळलेला मसाला चालतो. घाऊक बाजारातून आणलेले ड्रायफ्रूट फक्त पाकिटात भरून विकणे ही व्यापारी विक्री झाली. साड्यांचा व्यवसाय निरुपद्रवी वाटतो, आवाज नाही, धूर नाही, तरी नियमाच्या दृष्टीने तो शिवणकामापेक्षा कच्चा आहे.

तिसरी: लोकांना बसवून खाऊ-पिऊ घालण्याची जागा नको. डबे बाहेर पाठवणे आणि डायनिंग टेबलवर मेसचे चार विद्यार्थी जेवायला बसवणे, यातली सीमारेषा इथे आहे. चार विद्यार्थी जेवायला येऊ लागले की खाणावळ झाली.

चौथी: इमारतीच्या बाहेरून पाहणाऱ्याला इथे व्यवसाय चालतो असे कळता कामा नये. बाल्कनीतला फलक, गेटवरचा फ्लेक्स, खिडकीतला दिव्यांचा बोर्ड, सगळे बाद. इथे एक खरी अडचण आहे. जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र व्यवसायाच्या जागी ठळकपणे लावायचे असते आणि प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक द्यायचा असतो. मी यावर असा मार्ग सुचवते: प्रमाणपत्र घराच्या आत, दारातून आल्यावर दिसेल असे, आणि क्रमांक फ्लॅटच्या दारावरच्या छोट्या पाटीवर. दाराची पाटी जिन्यातून दिसते, इमारतीच्या बाहेरून नाही. दोन्ही नियम पाळले जातात.

पाचवी: काम धोकादायक नको, रहिवाशांच्या आणि शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा नको, आणि परवाना लागणारा माल वापरायचा नाही. सॉल्व्हंट, थिनर, मोठ्या प्रमाणात मेण किंवा अल्कोहोल लागणाऱ्या कामांनी (परफ्यूम, रेझिन, काही प्रकारच्या मेणबत्त्या) इथे थांबून विचार करायला हवा.

सहावी: घरात नेहमी वापरतात तशीच यंत्रे. आणि विजेवर चालणारी यंत्रशक्ती वापरली तर एकूण विद्युत भार ०.७५ किलोवॅटच्या वर नको. घरगुती शिवणयंत्राची मोटार या मर्यादेत सहज बसते. घरघंटी साधारण एक एचपीची असते, म्हणजे एकटीच मर्यादा गाठते. तिच्या जोडीला पल्व्हरायझर (मसाला दळण्याचे यंत्र) लावला की मर्यादा ओलांडली. ओव्हनच्या बाबतीत वाद होऊ शकतो. तो यंत्रशक्ती नाही, उष्णता देतो. पण अटीत शब्द 'एकूण विद्युत भार' असे आहेत आणि साधा ओटीजीही दीड-दोन किलोवॅटचा असतो. अशा वेळी स्वतःच्या सोयीचा अर्थ लावून गप्प बसू नका. बांधकाम विभागाला यंत्रांची यादी देऊन लेखी अभिप्राय मागा. उत्तर आले तर उत्तम. नाही आले तरी तुम्ही लपवले नव्हते हे तुमच्या पोच-प्रतीवरून दिसते.

डॉक्टर, वकील, सीए, वास्तुविशारद यांचे घरातले कार्यालय या व्याख्येत शोधू नका. रहिवाशाचे व्यावसायिक कार्यालय आणि बाह्यरुग्ण दवाखाना यांची नियमावलीत स्वतंत्र नोंद असते, क्षेत्रफळाच्या आणि प्रवेशमार्गाच्या अटींसह. शिकवणीच्या क्लासचेही तसेच. दोन-तीन मुलांना बसवून शिकवणे आणि तीन बॅचेसचा क्लास चालवणे यांत फरक आहे. क्लाससाठी अनुज्ञेय वापरांच्या यादीत पाहा.

सावधान: एकही अट मोडत असेल तर पुढचे टप्पे उरकून ती अट भरून निघत नाही. मग मार्ग तीनच: कामाची पद्धत बदला, वापर बदलाची रीतसर परवानगी मागा, किंवा गाळा भाड्याने घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये जागेच्या वापरातला लक्षणीय बदल हाही 'विकास' धरला आहे. परवानगीशिवाय तो केल्यास वापर थांबवण्याची नोटीस येऊ शकते आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

## टप्पा ५: खरेदीखत, भाडेपट्टा, भाडेकरार

नियमावलीची परवानगी असली तरी करार आड येऊ शकतो. खरेदीखतात 'सदर सदनिका फक्त निवासी वापरासाठी' असे कलम जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असते. त्यामुळे लगेच घाबरू नका. व्याख्येत बसणारा घरगुती व्यवसाय हा निवासी वापरातच धरला जातो, अशी बाजू तुम्हाला मांडता येते. पण 'कोणताही व्यवसाय, धंदा वा व्यापार करणार नाही' असे स्पष्ट लिहिले असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सिडको आणि म्हाडाच्या घरांत भाडेपट्ट्याच्या अटी वेगळ्याने वाचाव्या लागतात. तिथे जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि वापर बदलासाठी त्या प्राधिकरणाचीही परवानगी लागते. फक्त महापालिकेची पुरत नाही.

भाडेकरूंनी मालकाची तोंडी हो घेऊन थांबू नये. करार नोंदणीकृत असतो, त्यात निवासी वापर लिहिलेला असतो, म्हणून संमतीही लेखी हवी. त्यात व्यवसायाचे स्वरूप, वीजबिलाची जबाबदारी आणि नोंदणीसाठी पत्ता वापरायला संमती या तीन गोष्टी याव्यात. जीएसटीच्या वेळी हेच पत्र उपयोगी पडते.

गृहविमा असेल तर पॉलिसीही काढा. निवासी पॉलिसीत व्यवसायाचा माल सहसा धरलेला नसतो, आणि व्यवसाय कळवला नसेल तर आग लागल्यावर दाव्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

## टप्पा ६: सोसायटीला आधी सांगा, तेही लेखी

बऱ्याच जणींना वाटते की सांगितले तर नाही म्हणतील, म्हणून गुपचूप सुरू करू. माझा अनुभव उलट आहे. समितीला व्यवसायाचा राग क्वचितच येतो. राग येतो तो लिफ्टमध्ये अडकलेल्या डिलिव्हरीवाल्याचा, दुपारी दोन वाजता वाजणाऱ्या बेलचा, जिन्यात ठेवलेल्या खोक्यांचा. या तक्रारी येण्याआधी तुमचे पत्र गेलेले असले, तर त्याच तक्रारींवर बसून बोलता येते. नंतर गेले तर ते पत्र कबुलीजबाब वाटते.

उपविधींत दोन गोष्टी नक्की सापडतील: इतर सभासदांना त्रास, उपद्रव होईल असे काही करायचे नाही, आणि ज्वलनशील, घाण वास येणारा किंवा परवाना लागणारा माल समितीच्या लेखी परवानगीशिवाय साठवायचा नाही. तुमचे पत्र या दोन अटींना उत्तर देणारे असावे. मी असा मजकूर देते:

"मा. सचिव, ... सहकारी गृहनिर्माण संस्था. मी सदनिका क्र. ... ची सभासद असून, माझ्या राहत्या घरात मी स्वतः व कुटुंबीय मिळून ... हे काम करणार आहोत. पगारी कामगार नेमणार नाही. यंत्रांचा एकूण भार ... वॅट आहे. ज्वलनशील मालाचा साठा करणार नाही. ग्राहक घरी येणार नाहीत, माल सकाळी... ते ... या वेळेत खाली गेटवर दिला जाईल. सामाईक जागेत कोणतेही साहित्य ठेवणार नाही व बाहेर फलक लावणार नाही. तरी याची नोंद घेऊन ना-हरकत द्यावी, ही विनंती."

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सचिव पोच देत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप म्हणजे पत्र नव्हे.

समितीने नकार दिला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा कारण लिहायची वेळ आली की नकार 'अटींसह परवानगी' होतो. तरीही वाद मिटला नाही तर सभासद आणि संस्था यांच्यातला असा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो.

तपासा: पत्रात जे लिहिले ते पाळता येईल का? 'ग्राहक येणार नाहीत' असे लिहून दिवाळीत फराळासाठी दारात रांग लागली, तर तुमचेच पत्र तुमच्याविरुद्ध वाचले जाईल.

## टप्पा ७: वीज आणि गॅस

'घरचा मीटर आहे, घरीच काम करते, यात चूक काय?' ही समजूत महागात पडते. महावितरणच्या दर-आदेशात निवासी वर्गात घरातल्या लहान व्यवसायाची सोय आहे: घराचा काही भाग व्यवसायाला वापरणारा ग्राहक निवासी दरातच राहतो, मात्र महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटपर्यंत असायला हवा. वकील, डॉक्टर, अभियंता, सीए यांनी राहत्या घरात व्यवसाय केला तर त्यांचा उल्लेख निवासी वर्गात वेगळा आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाची जोडणी असेल तर त्या कंपनीचा चालू दर-आदेश पाहा. हे आदेश महाराष्ट्र वीज नियामक आयोग काढतो आणि ते बदलत असतात, म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा वाचा.

आता स्वतःचा हिशोब मांडा. समजा घरचा वापर १८० युनिट आहे. दीड किलोवॅटचा ओव्हन रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस चालवला तर ७८ युनिट वाढतात. एकूण २५८, म्हणजे मर्यादेत. डिसेंबरात ऑर्डरी वाढल्या आणि तोच ओव्हन रोज पाच तास, तीस दिवस चालला तर नुसत्या ओव्हनचे २२५ युनिट. एकूण ४०५. मे महिन्यात एसी लावला तर व्यवसाय न वाढताही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून बारा महिन्यांची बिले समोर घेऊन महिन्यागणिक बेरीज करा, सरासरीवर जाऊ नका.

मर्यादेत राहणे जमणार नसेल तर कंपनीकडे स्वतःहून अर्ज करा आणि व्यवसायासाठी बिगरनिवासी दराची वेगळी जोडणी मागा. दर जास्त पडतो, हे खरे. पण तपासणीत अनधिकृत वापर सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर केव्हापासून सुरू झाला हे ठरवता आले नाही तर तपासणीआधीचे बारा महिने धरतात.

गॅसचा मुद्दा थोडक्यात. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. व्यवसायाला १९ किलोचा वेगळा असतो. तो फ्लॅटमध्ये ठेवण्याआधी गॅस एजन्सी आणि सोसायटी, दोघांनाही विचारा. पाइप गॅस असेल तर कंपनीला वापर कळवा.

## टप्पा ८: आता परवाने

इथवर सगळे जुळले असेल तरच या टप्प्यावर या. सगळे काम ऑनलाइन होते, त्यामुळे लोक इथूनच सुरुवात करतात.

१. उद्यम नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, सरकारी शुल्क नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ खासगी दलालाचे असते.

२. दुकाने व आस्थापना, म्हणजेच गुमास्ता. २०१७ च्या कायद्यात मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते, तीही व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. अर्जात कामगारांची संख्या खरी भरा. सोसायटीच्या पत्रात शून्य आणि इथे दोन असे लिहिले तर दोन्ही कागद खोटे ठरतात. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

३. एफएसएसएआय. लहान घरगुती उत्पादकाला मूलभूत नोंदणी पुरते. उलाढालीची चालू मर्यादा एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर पाहा. व्यवसायाचा प्रकार निवडताना 'रेस्टॉरंट' निवडू नका. तसे केले तर चौथ्या टप्प्यातली तिसरी अट तुम्हीच कागदावर मोडता.

४. जीएसटी. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक ४० लाख आणि सेवा देणाऱ्यांना २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र राज्याबाहेर वस्तू विकायच्या असतील तर ही सूट बहुतेक वस्तूंना मिळत नाही. जागेच्या पुराव्याला स्वतःच्या घरासाठी वीजबिल किंवा करपावती यांपैकी एक पुरते. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर सोबत संमतीपत्र.

५. महापालिकेचा व्यवसाय परवाना. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खाली आणि इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली ठरावीक व्यवसायांना व साठ्यांना परवाना लागतो. तुमचे काम त्या यादीत असेल तर मागे वळा: परवाना लागणारा माल म्हणजे घरगुती व्यवसायाच्या व्याख्येचाच प्रश्न.

मालमत्ता कराबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. घराच्या एखाद्या भागावर बिगरनिवासी दराने कर भरला म्हणजे तो वापर अधिकृत झाला, असे नाही. कर आकारणी विभाग दिसणाऱ्या वापरावर कर लावतो. वापराला परवानगी देणारा विभाग वेगळा.

## टप्पा ९: तरीही नोटीस आली तर

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. ती दारावर चिकटवली जाते आणि मुदत सुरू होते. घेताना तारीख आणि वेळ लिहून सही करा. मग तीन गोष्टी शोधा: कोणत्या कायद्याचे कोणते कलम, कोणता वापर आक्षेपार्ह म्हटला आहे, आणि उत्तराची मुदत किती.

महापालिकेची असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत झोन दाखला, पहिल्या टप्प्यातले पान, यंत्रांची यादी आणि सोसायटीच्या पत्राची पोच जोडा, आणि सुनावणी मागा. एखादी अट खरोखर मोडली असेल तर ती ताबडतोब दुरुस्त करा आणि उत्तरात तारखेसह तसे लिहा. 'आमच्या इमारतीत आणखी पाच जण करतात' हे लिहू नका. त्याने तुमचा बचाव होत नाही आणि पाच शेजारी कायमचे दुरावतात.

वीज कंपनीचे तात्पुरते आकारणीपत्र आले तर अंतिम आदेश निघण्याआधी हरकत नोंदवायचा हक्क आहे. अंतिम आदेश तीस दिवसांत अपेक्षित असतो, म्हणून हरकत पहिल्याच आठवड्यात द्या. ३०० युनिटच्या मर्यादेत असाल तर बारा महिन्यांची बिले जोडा, तुमची बाजू त्यावरच उभी राहते. अंतिम आदेश पटला नाही तर कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येते, मात्र आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. ती रक्कम भरल्याची पावती अपिलाच्या कागदांत सर्वांत वर लावा.